बिनऑपरेशनचा इलाज आणि पाठीवरचा पंप



आज पिकावर लिहीत नाही. सोयाबीनच्या दुसऱ्या फवारणीचं पुढच्या पोस्टमध्ये बघू. गेल्या महिन्यात तालुक्याच्या चौकात लागलेल्या एका फ्लेक्सचा फोटो मी पेजवर टाकला होता. "मान, कंबर, गुडघा ऑपरेशनशिवाय कायमचा बरा" असं त्यावर लिहिलेलं. त्या फोटोखाली जेवढी विचारणा झाली तेवढी मी टाकलेल्या हुमणीच्या पोस्टलाही झाली नव्हती. "दादा, खरं असतंय का हे?" "आमच्या आईला न्यावं का?" "सुईनं नस जाळतात म्हणे, पाय तर जाणार नाही ना?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो.

मी डॉक्टर नाही, दहावी पास शेतकरी आहे. पण माझी पुतणी फिजिओथेरपी शिकलीय, जिल्ह्याच्या गावात काम करते. मागच्या दोन वर्षांत माझी कंबर, बायकोचे गुडघे आणि मेव्हण्याची मांडीतून पोटरीत उतरणारी कळ, अशी तीन दुखणी घरात होती. त्या निमित्तानं तिच्याकडून बरंच समजून घेतलं. ती बोलते ते कागद दाखवून बोलते, म्हणून विश्वास बसला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बिनऑपरेशनचे इलाज खोटे नाहीत. कंबर, मान, गुडघा दुखणाऱ्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. पण त्यातले जे इलाज सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ते फ्लेक्सवर कधी दिसत नाहीत, कारण त्यात विकायला काही नसतं. आणि जे फ्लेक्सवर दिसतात त्यांचा उपयोग ठराविक दुखण्याला, ठराविक दिवसांपुरता असतो. "कायमचा बरा" हा शब्द दिसला की मला एकाच औषधात सगळ्या किडी मारणारी बाटली आठवते.

आता कंबरेपासून घेऊ, कारण आपल्यातल्या निम्म्यांचं दुखणं तिथंच आहे.

कंबर धरली की पहिला खर्च एमआरआयचा. रिपोर्ट येतो, त्यात लिहिलेलं असतं "एल ४-एल ५ डिस्क बल्ज". माणूस तो कागद घेऊन गावभर फिरतो, आणि ज्याला दाखवील तो म्हणतो, मणक्यात गॅप पडला, आता जड उचलायचं विसर. माझ्याही रिपोर्टात हेच होतं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तर पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले होते. पुतणी म्हणाली, "काका, तुमच्या वयाची शंभर माणसं घ्या, ज्यांना काहीच दुखत नाही अशी. त्यांचे फोटो काढले तर साठ जणांच्या चकत्या अशाच फुगलेल्या निघतील." हे तिच्या मनचं नाही. ज्यांना दुखत नव्हतं अशा तीन हजारांहून जास्त लोकांचे फोटो तपासलेल्या अभ्यासांचा गोषवारा २०१५ साली छापून आलाय. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या, ८० टक्क्यांच्या झिजलेल्या, आणि दुखणं शून्य. म्हणजे केस पिकतात तशी चकती पिकते. फोटोत दिसलं म्हणून तेच दुखतंय असं नसतं. पिवळं पान दिसलं की थेट युरिया टाकणारा आणि आधी मुळी उपटून बघणारा, यात फरक आहे की नाही?

दुसरी गोष्ट झोपून राहण्याची. आपल्याकडं कंबर धरली की पंधरा दिवस फळीवर झोपवतात. हे जुनं झालं. आताचं शास्त्र सांगतं की एक-दोन दिवस आराम ठीक, नंतर हळूहळू हिंडायला लागायचं. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक सुटते. फक्त त्या काळात कुणी काय लावलं, कुणी काय चोळलं, त्याला श्रेय जातं. आमच्या गावातल्या निम्म्या चोळणाऱ्यांचं नाव असंच झालंय. राग नको मानू कुणी.

तीन महिन्यांच्या वर राहिलं तर ते जुनाट दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. याच संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर ऑपरेशनशिवाय काय करावं, काय करू नये हे जाहीर केलं. करावं त्यात काय आहे? दुखण्याची नीट समज देणं, व्यायाम, हातानं केलेले काही उपचार, मालिश, मनाची भीती घालवणारे उपचार, गरजेपुरत्या दाहशामक गोळ्या. आणि नेहमीच्या इलाजात करू नये त्यात काय आहे? कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ओढणं, आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. आता आपल्या गावात बघा. मेडिकलवाला पट्टा देतो, दवाखान्यात ट्रॅक्शन लावतात, आणि व्यायामाचा कागद घडी घालून खिशात राहतो. पट्टा फुकट नाही, कागद फुकट आहे. म्हणून कागदाला किंमत नाही.

"व्यायाम कशाला, आम्ही दिवसभर राबतोय की!" हे वाक्य मला दहा जणांनी लिहिलंय. मीही पुतणीला हेच म्हणालो होतो. तिनं मला साध्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, हात छातीवर घ्या आणि हाताचा टेकू न घेता दहा वेळा उठा-बसा. सहाव्याला मांड्या थरथरायला लागल्या. राबणं म्हणजे त्याच सांध्यावर, त्याच बाजूला, तोच ताण दिवसभर. वाकून खुरपताना पाठ पुढंच वाकते, मागं कधी जात नाही. मांडीच्या पुढचा स्नायू, पोटाचा स्नायू, नितंबाचा स्नायू हे सांध्याचा भार उचलणारे गडी, आणि राबण्यात ते तयार होतातच असं नाही. पालथं झोपून छाती वर उचलणं, उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, पाय सरळ ठेवून वीतभर उचलून दहापर्यंत मोजणं, आणि चालणं. एवढंच. सुरुवातीला दुखतं, थोडं दुखणं चालतं, दुसऱ्या दिवशी वाढून बसलं तर कमी करायचं. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. हेच अवघड. आपल्याला फवारलं की तिसऱ्या दिवशी रिझल्ट बघायची सवय लागलीय.

गुडघ्याचंही तसंच. बायकोला डॉक्टरांनी सांगितलं "वंगण संपलंय". हा शब्द आपल्या लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलाय की गुडघा म्हणजे बैलगाडीचा आख असं वाटतं. झिज असते हे खरं. पण तिच्यासाठी जे केलं ते सांगतो: मांडीचे व्यायाम रोज दोनदा, धार काढायला उकिडवं न बसता स्टूल, संडासात कमोड, आणि पाच किलो वजन कमी. अभ्यास सांगतो, एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं घटतो. पाच किलोचे वीस झाले. दिवसाची पावलं तुम्हीच मोजा. तिचा गुडघा नवा झाला नाही, पाऊस यायला लागला की अजून कुरकुरतो, पण माडीवर चढते, बाजारला चालत जाते.

आता सुयांकडे येतो, कारण प्रश्न त्याचेच जास्त आहेत.

मेव्हण्याची चकती मागं सरकून नस दाबली होती. कळ कमरेत कमी, पायात जास्त, रात्री झोप नाही. त्याला मणक्याजवळ नसेच्या भोवती स्टेरॉइडची सुई दिली. एक्स-रे मशीनच्या पडद्यावर बघत बघत देतात, भूल देऊन कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. त्याला फायदा झाला. पण कसला फायदा ते समजून घ्या. ती सुई चकती आत ढकलत नाही. नसेची सूज उतरवते, काही आठवडे ते काही महिने. तेवढ्या वेळात बऱ्याच जणांची सरकलेली चकती शरीर स्वतःच आटवून टाकतं. म्हणजे सुईनं वेळ विकत मिळतो. पायात कळ उतरणाऱ्याला ती कामाची, नुसत्या कंबरदुखीला तिचा फारसा भरवसा नाही. आणि ती मशीनखालीच द्यायची असते. आमच्या पलीकडच्या गावात एक जण खुर्चीत उलटं बसवून अंदाजानं कमरेत टोचतो. त्याच्याकडं कुणी जाऊ नका, जंतू आत गेला तर दुखणं परवडलं म्हणायची वेळ येते.

नस जाळण्याचं असं आहे. मणक्याच्या मागच्या बारक्या सांध्यांना, किंवा गुडघ्याला, दुखण्याची खबर मेंदूकडं नेणाऱ्या बारीक नसा असतात. रेडिओ लहरींच्या उष्णतेनं त्या बंद करतात. पाय हलवणारी नस ती नव्हे, आणि नीट केलं तर तिला हातही लागत नाही. पण आधी त्याच नसेला नुसती भूल देऊन बघायची असते. भुलीनं दुखणं थांबलं तर नस बरोबर सापडली, मगच जाळायची. ही चाचणी न करता कुणी थेट पॅकेज सांगत असेल तर उठून या. आणि नस पुन्हा वाढते. साधारण सहा महिने, वर्ष, कुणाला थोडं जास्त. म्हणून "कायमचा" हा शब्द इथंही बसत नाही.

गुडघ्यात स्टेरॉइडची सुई देतात. सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम पडतो, लग्नकार्य निभावतं. पण दर तीन महिन्यांनी घेत राहिलात तर? अमेरिकेत दोन वर्षं असा प्रयोग केला, २०१७ ला छापला. अर्ध्या लोकांना दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड, अर्ध्यांना मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नाही, उलट स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजलेली. शिवाय शुगर असणाऱ्याची साखर सुईनंतर काही दिवस चढते, हे आधी विचारायला हवं, बरेच जण विचारत नाहीत.

आणि आता सगळ्यात महाग माल. पीआरपी. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, त्यातला पिवळा भाग गुडघ्यात सोडायचा. आमच्या बायकोला तीन सुयांचं पॅकेज सांगितलं होतं, एका एकरातलं सोयाबीन विकून भरावं एवढं. यावर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला, २८८ माणसं, २०२१ मध्ये छापून आला. अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय दिलं हे त्यांना माहीत नाही. वर्षभरानं बघितलं तर दुखण्यात दोन्हीकडं सारखाच फरक. इथं जे कृषीवाले वाचत असतील त्यांना सांगायला नको, कंट्रोल प्लॉट कशासाठी ठेवतात ते. नुसतं औषध मारलेला प्लॉट बघून कंपनीवाला टाळ्या वाजवतो, शेजारी पाणी मारलेला प्लॉट बघितला की कळतं पाऊस पडल्यामुळं दोन्हीकडं तुडतुडे गेलेत. काही लहान प्रयोगांत पीआरपी चांगली निघाली असंही आहे, पुतणी ते लपवत नाही. पण कर्ज काढून घ्यावी एवढा पुरावा नाही हे माझं मत. "वंगणाची सुई" म्हणून जी देतात तिलाही अमेरिकेतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं सरसकट वापरू नये असंच म्हटलंय.

सुई घ्यायचीच असेल तर दोन प्रश्न विचारा. नेमकं दुखतंय कुठं हे कशावरून ठरवलं? आणि आराम पडला तर त्या दिवसांत मी काय करायचं? दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडं उत्तर नाही, त्याची सुई वाया. कारण आपल्यातला गडी काय करतो, दुखायचं थांबलं की दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप.

पुड्या आणि गोळ्यांवर थोडं. यात्रेत, बाजारात जी "जडीबुटीची" पुडी मिळते आणि दोन दिवसांत जादू करते, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड कालवलेलं सापडतं. तोंड सुजून गोल होतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. घेत असाल तर आपल्या मनानं तोडू नका, डॉक्टरला पुडी दाखवा. आणि डायक्लोफिनॅक. गिधाडं गेली ती याच औषधानं, हे आपल्याला माहीत पाहिजे. जनावराला टोचलेलं, ते जनावर मेलं, गिधाडानं खाल्लं, गिधाडाचं मूत्रपिंड बंद. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, आणि माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचतात म्हणून २०१५ पासून ३ मिलीच्या वर बाटली नाही. माणूस गिधाड नाही, दोन-चार दिवसांच्या गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्यानं चालतात. पण एप्रिलच्या उन्हात पाणी न पिता ऊस तोडणारा माणूस रोज दोन गोळ्या टाकतोय वर्षभर, त्याच्या मूत्रपिंडाचं काय होत असेल? पोटाचा अल्सर, बीपी वाढणं वेगळंच.

सगळं बिनऑपरेशनवर सोपवावं असंही म्हणत नाही. लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, दोन्ही मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, चालताना पाऊल लटकायला लागलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. संध्याकाळचा ताप, वजन घटतंय आणि पाठ रात्रीची जास्त दुखते, तर मणक्याचा टीबी तपासून घ्या. आपल्याकडं तो आहे, आणि बहुतेकदा गोळ्यांनीच बरा होतो, सरकारी गोळ्या फुकट आहेत. मानेचं दुखणं असून शर्टाची बटणं लावता येईनात, चाल अडखळायला लागली, तर मान मोडून देणाऱ्याकडं अजिबात नको. तिथं मणक्यातली मुख्य दोरी दाबली जात असते आणि ऑपरेशनला उशीर केला तर गेलेलं परत येत नाही. गुडघा पार वाकडा झालाय, व्यायाम-गोळ्या सगळं करून रात्रीची झोप नाही, तर सांधा बदलणं हा चांगला इलाज आहे, त्याला भ्यायचं कारण नाही.

आणि एक, सरकारी दवाखान्याला नाव ठेवायच्या आधी जिल्हा रुग्णालयाचा फिजिओथेरपी विभाग बघून या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात तपासणी-उपचार मोफत आहेत. गाडीभाडं आणि एक दिवसाचा खाडा, एवढाच खर्च.

आता मला जे खरं बोलायचंय ते. हे वाचणाऱ्यांत कृषी सहायक आहेत, विद्यापीठातले आहेत, औषध कंपनीचे आहेत. तुमच्या प्रत्येक शिफारशीत लिहिलेलं असतं, एकरी २०० लिटर पाणी वापरा. बरोबर आहे, पानाखाली औषध पोचलं पाहिजे. पण २०० लिटर म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. भरलेला बॅटरी पंप पाण्यासकट वीस-बावीस किलो. तो जमिनीवरून वाकून, कंबर वळवून साडेबारा वेळा पाठीवर घ्यायचा, चिखलात चालायचं. शेंगा भरेपर्यंत तीन फवारण्या, दोन एकर. हा हिशोब कुठल्याच पत्रकात नाही. औषधाचं प्रमाण मिलीत सांगता, मग माणसाच्या कमरेवरचं वजन किलोत का सांगत नाही? "पंप कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवून पाठीवर घ्यावा, बारा लिटरच्या वर भरू नये" एवढी एक ओळ छापायला किती शाई लागते? मी बांधावर दगड रचून कमरेएवढा ओटा केलाय. खर्च शून्य, आणि माझ्या कमरेला जेवढा फायदा त्या ओट्यानं झाला तेवढा पट्ट्यानं झाला नव्हता.

युरियाची गोणी २०१८ पासून ५० ची ४५ किलो झाली. ती काही आपल्या कमरेची दया येऊन नाही, पण झाली. मग डीएपी, पोटॅशच्या २५ किलोच्या गोण्या मागायला काय हरकत आहे? सिमेंटसारखं पाठीवर घेऊन पळणं ही मर्दुमकी वीस-पंचविशीत ठीक.

बायांचं तर कुणी मोजतच नाही. खुरपणीची बाई दहा ते पाच उकिडवी बसते, वर वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन घरी जाते, मग मान दुखते म्हटलं की "वय झालं". पस्तिशीत कसलं वय? ओळीत पेरलेलं असेल तर सायकल कोळपं उभ्यानं चालतं. लांब दांड्याचं खुरपं उभ्यानं चालतं. मुळाजवळचं तण हातानं काढावं लागतं हे मान्य, पण मग दिवसभराची बैठक दोन तासांवर येते. आमच्या गटातल्या पाच जणांनी मिळून दोन कोळपी घेतली, पाळीपाळीनं वापरतो. सुरुवातीला मजूर बाया नको म्हणाल्या, काम लवकर उरकलं की रोज कमी देतील अशी त्यांना धास्ती. धास्ती खरी आहे, असं करणारे आहेत. आम्ही ठरवलं, रोज तोच, सुट्टी चारला. तेव्हापासून कोळप्यासाठी त्यांच्यातच भांडणं लागतात.

भारी काळ्या जमिनीत वाफसा गेल्यावर हे कोळपं अडकतं, पात बदलूनही फारसा फरक पडला नाही. ज्यांच्याकडं कन्हारी जमीन आहे आणि ज्यांनी रुंद चाकाचं किंवा दोन चाकाचं वापरून बघितलंय त्यांनी खाली फोटो टाका, किंमत आणि कुणाकडून बनवलं तेही लिहा. लोहाराकडून बनवलं असेल तर मापं द्या, आमच्या लोहाराला दाखवतो.